चार अँपिअर

बसरा, ११ जून

मामा,

सलाम. फोनवर विचारलं तर म्हणालास, "आकडे तोंडी सांगू नकोस, वाऱ्यावर जातात. सविस्तर लिहून पाठव." म्हणून हा मेल. तुमच्या माल्मोत अजून स्वेटर घालत असतील. इथे छपरावरच्या टाकीतलं पाणी नुसतं काढून त्यात चहाची पावडर टाकली तरी चालेल.

आईचं तुला थोडंफार माहीत आहे. ती तुला फोनवर "बरी आहे" म्हणते, तेवढ्यावर जाऊ नकोस. तेलविहिरींवरच्या ज्वाळांचा धूर इतकी वर्षं छातीत गेला, आता फुप्फुसं दाद देत नाहीत. दिवसभर नाकात नळी आणि उशाशी ऑक्सिजनचं मशीन. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, हिवाळा दिसेल असं वाटत नाही. मी तिला सांगितलं नाही. तिने माझं तोंड बघून ओळखलं.

तिने एकच गोष्ट मागितली आहे. हुसामदादाला हसताना बघायचंय.

चौकातल्या शहिदांच्या फलकावर दादा आहे, पण तो कसला दादा? हातात बंदूक, मागे झेंडा, कोणीतरी गाल रंगवलेले. लढाईवरून त्याची शवपेटी आली ती उघडू दिली नाही, फोन त्याच्याबरोबर गेला. उरली ती सलमामावशीच्या लग्नातली चित्रफीत. कोणाच्या तरी जुन्या फोनवर घेतलेली, काही सेकंदांची. दादा नाचता नाचता वळतो आणि हसतो. चेहरा नखाएवढा आणि सगळा पुसट. आई फोन डोळ्यांना लावून बसते आणि म्हणते, "दिसत नाही रे."

पुसट चित्र साफ करणारा प्रोग्रॅम मला मिळालाय. ग्राफिक कार्ड जळून गेलंय, त्यामुळे सगळा भार प्रोसेसरवर. आणि काम एका दमात व्हावं लागतं, मध्ये वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. सरकारी विजेचा भरवसा तुला ठाऊक आहेच. गल्लीतला जनरेटर तेवढा दुपारी बारा ते पाच सलग चालतो, त्याचे चार अँपिअर आपण महिन्याच्या पैशांवर घेतो. बॅटरीवर टाकीन म्हटलं तर बॅटरी उन्हाने फुगून मेली. कामाला साडेसहा तास लागतात. मला ते पाचात बसवायचंय, म्हणजे प्रोसेसर चढवायला हवा, ठरलेल्या वेगाच्या वर पळवायला हवा. चढवतो तर कॉम्प्युटर बंद पडतो. तू या धंद्यात केस पांढरे केलेस. सांग काय करू.

कर्रार


माल्मो, १३ जून

कर्रार,

गाढवा, "बंद पडतो" म्हणजे काय? रोगी कसा मेला ते न सांगता हकिमाकडे औषध मागतोस होय?

नीट वाच. प्रोसेसर चढवताना तो कसा मरतो त्यावरून त्याची हद्द कळते. निळा पडदा आला तर तो उपाशी आहे, व्होल्टेज कमी पडतंय. चिमूटभर वाढव. बंद न पडता नुसता रेंगाळायला लागला तर ताप चढलाय, हवा दे. आणि काही न सांगता एकदम काळोख झाला, तर प्रोसेसर निर्दोष आहे, खोट विजेत आहे. एका वेळी एकच गोष्ट बदल. दोन बदलल्यास की कशाने काय झालं ते तुझ्या बापालाही कळणार नाही, अल्ला त्याला शांती देवो. सॉकेटमध्ये लावायचा छोटा मीटर मी मागे पाठवला होता, तो लाव आणि दर वेळी भिंतीतल्या विजेचं व्होल्टेज मला लिही.

पण मुळात ही उठाठेव कशाला? चित्रफीत मला पाठव. दुकानातलं मोठं मशीन जेवण होईपर्यंत करून टाकेल.

ताईला माझा सलाम. तिने मला "बरी आहे" म्हणून फसवलं, त्याचं भांडण मी तिच्याशी समोरासमोर करीन.

मैसम


बसरा, २० जून

मामा,

चित्रफीत पाठवायचं आईला नुसतं विचारलं, तर तिने पडल्या पडल्या चप्पल शोधली. त्या लग्नात दार लावून बायका नाचत होत्या. मावशा, आत्या, शेजारणी, सगळ्यांची डोकी उघडी, दादा तेवढा घरचा पोरगा म्हणून आत. ती फीत या घराबाहेर कधी गेलेली नाही आणि जाणार नाही. मी म्हटलं, अगं, तुझाच सख्खा भाऊ. तर म्हणाली, "मैसमवर माझा विश्वास आहे. त्याच्या तारांवर नाही. कुठल्या कुठल्या देशांतून जातात त्या." म्हणजे तो विषय संपला.

तुकडे करून बघितलं. एकेक सेकंद वेगळा साफ केला आणि जोडला. मामा, भयंकर प्रकार झाला. प्रत्येक तुकड्यात चेहरा थोडा वेगळा. एकात नाक लांब, एकात दात भलतेच सरळ. आईने अर्धंच बघितलं आणि म्हणाली, "हा कोणाचा पोरगा उचलून आणलास?" मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. म्हणजे सगळी फीत एकत्र, एका दमात, हाच मार्ग.

आता तुझे प्रश्न. निळा पडदा येत होता, व्होल्टेज वाढवल्यावर थांबला. रेंगाळणं होतं, म्हणून गवताचा कूलर आईच्या खोलीतून माझ्या खोलीत आणला. तिनेच ने म्हणून सांगितलं. वेग आता इतका आहे की काम पावणेपाच तासांत होईल. पण पूर्ण भार आला की काळोख. तुझ्या हिशोबाने विजेची खोट. मीटर १८२ दाखवतो, असायला हवेत २२०.

आणि काळोख नुसता कॉम्प्युटरला होत नाही, सगळ्या घराला होतो. कोपऱ्यावरच्या खांबावर आपल्या जोडणीचा खटका आहे तो पडतो. पेटीची किल्ली जनरेटरवाल्या अबू सैफकडे, तो जेवून झोपलेला. मी हाका मारत जातो. तोवर आईला छोटं सिलिंडर लावून ठेवतो.

कर्रार


माल्मो, २१ जून

कर्रार,

तुझ्या पत्राचा शेवट वाचून मी दुकान बंद केलं आणि मागच्या खोलीत जाऊन बसलो.

ताईचं मशीन आणि तुझा डबा एकाच चार अँपिअरवर चालतायत? अक्कल गहाण टाकलीस का? तिचं मशीन दीड-पावणेदोन अँपिअर खातं. तुझा कॉम्प्युटर चढवलास की दोनच्या वर. त्यात फ्रिज, कूलर, दिवा. बेरीज शाळेत शिकवली होती ना? वर जनरेटरच्या लांब तारेत व्होल्टेज पडतं, आणि व्होल्टेज पडलं की ही मशीनं जास्त अँपिअर ओढतात. खटका पडणार नाही तर काय होईल?

तू हद्द शोधत होतास, ती सापडली. ती प्रोसेसरची नाही, तापाची नाही, तुझ्या घराची आहे. त्या घरात एक बाई श्वास घेतेय. चढवलेलं सगळं उतरव. कूलर तिच्या खोलीत परत ठेव. अबू सैफकडून आणखी दोन अँपिअर घे, मग बघू. तोवर काही चढवलंस तर मी तिथे येऊन तंगडी तोडीन.

मैसम


बसरा, २ जुलै

मामा,

उतरवलं. कूलर परत नेला. पण तू उंटावरून शेळ्या हाकतोयस. अबू सैफकडे दोन काय, अर्धा अँपिअर शिल्लक नाही. जुलै महिना आहे, जनरेटर आधीच धापा टाकतोय, तो म्हणतो एखादं घर गल्ली सोडून गेलं तरच देईन. शेजारच्यांकडे मागावं तर त्यांच्याकडेही लहान बाळ आहे. मी विचारलंच नाही.

इतके दिवस तुला लिहिलं नाही कारण घरात अबोला होता. आईला कळलं की तुझ्या सांगण्यावरून मी काम थांबवलं. मग तिने जेवण थांबवलं. खजूर तेवढे तोंडात टाकते. आज म्हणाली, "कागद घे." कागद कुठला, पण तिचं ती सांगतेय ते खाली टाइप करतो. मध्ये मध्ये दम लागतो म्हणून थांबते, ते मी लिहीत नाही.

"मैसम, भावा, तू लहानपणापासून शहाणा आणि मी हट्टी, हे सगळ्या बसऱ्याला माहीत आहे. पण पोराला धाक घालू नकोस. मी मरणार आहे, त्यात आता काही बातमी राहिलेली नाही. मला भीती वेगळीच आहे. मी डोळे मिटते आणि हुसामला हसवायला बघते, तर तो फलकावरचा येतो, रंगवलेला. त्याचं हसू माझ्याकडून हरवलं. आई आहे मी, हे कोणाला सांगू? उद्या वर गेले आणि तो समोरून हसत आला आणि मी ओळखलंच नाही, तर त्याला काय वाटेल? म्हणून मला एकदा बघू दे. माझे श्वास किती उरलेत ते मोजायचं काम तुझं नाही. आहेत ते कशावर घालवायचे ते माझं मी बघीन. कर्रारला शिकव. तुला माझी शपथ आहे."

एवढं बोलून ती हसली, मामा. मला म्हणाली, "मैसम रडेल आता. लहानपणी असाच रडका होता."

कर्रार


माल्मो, ४ जुलै

कर्रार,

ताईला सांग, रडलो नाही. खोटं सांगतोयस असं तिला वाटलं तरी सांग.

तिच्यापुढे मी आजवर एकदाही जिंकलेलो नाही. ठीक आहे. पण आता उलट्या दिशेने जायचं. वेग वाढवायचा नाही. आहे तोच वेग किती कमी विजेत धरता येतो ते शोधायचं. प्रोसेसरचं व्होल्टेज आता राईराईने खाली आण. निळा पडदा येईल, की एक पाऊल मागे. तिथे थांब. प्रत्येक प्रोसेसरची प्रकृती वेगळी असते, तुझा कुठे थांबेल ते मला इथून सांगता येत नाही. वीज वाचली तर खटका टिकेल. कदाचित. मी तुला शब्द देत नाही.

कामाच्या वेळी फ्रिज बंद, दिवा बंद, पंखा फक्त ताईचा. खटका एकदा पडला की त्या दिवशी पुन्हा प्रयत्न नाही.

आणि सगळ्याच्या आधी सिलिंडर भरून आण. प्रत्येक खटक्याला तू त्यातलं थोडं थोडं संपवतोयस, हे लक्षात येतंय का? आधी ते, मग बाकीचं.

मैसम


बसरा, १२ जुलै

मामा,

टिकलं.

आधी रीतसर सांगतो. तू सांगितलंस तसं व्होल्टेज उतरवत गेलो. पहिल्या दिवशी निळा पडदा. दुसऱ्या दिवशी पाऊल मागे घेतलं, तर तासाभरात खटका. परवा तेच, मीटरही तोच १८२. काल तर अबू सैफ गावाला गेलेला, त्याच्या बायकोला किल्ली सापडेना. आईला बराच वेळ सिलिंडरवर काढावा लागला. मी तिथेच हात टेकले. आईला म्हटलं, झालं, ही याची हद्द, याच्या पुढे जात नाही. ती म्हणाली, "उद्या एकदा कर. माझ्यासाठी."

आज बाराला लावलं. सेटिंग कालचंच, काही बदललं नाही. आणि मामा, खटका पडलाच नाही! आता साडेचार होत आलेत, शेवटचा थोडा भाग राहिलाय. मध्येच डोकावून बघायची सोय आहे, पण मी बघत नाही, आधी आई बघेल. मीटरचा आकडा हवा असतो ना तुला, हा घे: १९६, आणि बारापासून तिथेच ठाम. इतकी चांगली वीज या गल्लीत मी कधी बघितली नाही. अबू सैफने परत येऊन जनरेटरला काहीतरी केलं असणार. तुझी युक्ती आणि त्याचं तेल, दोघांनी मिळून काम केलं.

आईचा मूडही आज चांगला होता. सकाळी माझ्याकडून केस विंचरून घेतले. कूलर स्वतःहून माझ्याकडे पाठवला. म्हणाली, "मधलं दार लावून घे, तुझ्या पंख्यांनी डोकं उठतं. झालं की मला हाक मार, तोवर आत येऊ नकोस, मला झोपू दे." म्हणून मी इथेच बसून तुला लिहितोय. सिलिंडर उद्या भरायला नेतो, ऑक्सिजनच्या कारखान्यात आजवर रांगच संपत नव्हती.

कर्रार


माल्मो, १२ जुलै

कर्रार,

फोन लावतोय, तू उचलत नाहीस. पंख्यांत ऐकू येत नसेल.

सेटिंग कालचंच आहे, मग १८२ चे १९६ कशाने झाले? जनरेटरने नाही. तुझ्या तारेवरचं काहीतरी मोठं ओझं उतरलंय. त्या घरात तेवढं ओझं दुसऱ्या एकाच मशीनचं आहे.

दार उघड. आत जा. पुढचं वाचू नकोस, आत्ता जा.


बसरा, २४ ऑगस्ट

मामा,

आईचा चाळीसावा दिवस झाला. आता लिहितो. तू इतक्या वेळा फोन केलास, मी "हो, नाही" एवढंच बोललो, त्याचा राग धरू नकोस.

तुझा मेल मी दुसऱ्या दिवशी वाचला. माझं काम पाचला थोडी मिनिटं असताना पूर्ण झालं आणि मी "आई, झालं, झालं!" म्हणत दार उघडलं. मशीनचा प्लग काढलेला होता. वायर नीट गुंडाळून मशीनवर ठेवली होती, तिची सगळी कामं असतात तशी. नळी सिलिंडरला जोडलेली. सिलिंडरचा काटा शून्यावर. ती कुशीवर झोपली होती, तोंड दाराकडे. तिला वाटलं असेल सिलिंडर पाच वाजेपर्यंत पुरेल. किंवा नसेल वाटलं. काटा तिलाही वाचता येत होता. मी हा विचार रोज करतो आणि रोज वेगळं उत्तर येतं.

तू विचारलंस की मी स्वतःला दोष देतो का. देतो. सिलिंडर मी भरलं नाही, आधी भर म्हणून तू लिहिलं होतंस तरी. तू तुला देतोस तेही मला कळतं. एकमेकांची समजूत घालण्यात अर्थ नाही, तू घालू नकोस, मीही घालत नाही.

कपडे, औषधं, मशीन सगळं मावशीने वाटून टाकलं. मशीन गल्लीतल्याच एका म्हाताऱ्याकडे गेलं. त्याच्याकडे तीनच अँपिअर आहेत.

फीत मी इतके दिवस उघडली नव्हती. चाळीसाव्याला बायका जेवून गेल्यावर सलमामावशी थांबली, तिने उघडायला लावली. सगळं इतकं स्वच्छ आलंय मामा, बांगड्या मोजता येतात. मागे आई टाळ्या वाजवतेय. काळेभोर केस मोकळे. मी तिला असं कधी बघितलं नव्हतं. आणि मग दादा वळतो आणि हसतो. तोंडभर. डाव्या गालाला खळी पडते, पुढचा एक दात किंचित आडवा.

मावशी म्हणाली, "तोच." मग पुन्हा लावायला सांगितलं. मग थोड्या वेळाने म्हणाली, "तोच असेल." मी पुन्हा पुन्हा बघितलं. त्याला खळी होती का, मला आठवत नाही. तो गेला तेव्हा मी लहान होतो, त्याच्या खांद्यावर बसायचो, तिथून तोंड कुठे दिसतं? ती खळी त्याची आहे की प्रोग्रॅमने कुठल्या तरी दुसऱ्याच पोराची आणून लावली, मला कळत नाही. तू देश सोडलास तेव्हा तो रांगत होता, म्हणजे तुलाही सांगता येणार नाही. पाठवता तर येणारच नाही, आई गेली तरी त्या बायका आहेत, आणि आता त्यांत आईही स्पष्ट दिसते.

तिने एका नजरेत सांगितलं असतं. आधीच्या वेळी अर्धंच बघून सांगितलं होतं की हा माझा नाही. आता ती नाही, मामा. हा हसणारा आपला हुसाम आहे की नाही, हे मी कोणाला विचारू, तेवढं लिही.

कर्रार